हॅस्केल: टाइप जुळले, प्रोग्राम चालला, तरी मेमरी का भरत जाते?

चौकस (धागाकर्ता)

अनेक वर्षे पायथनमध्ये काम केल्यानंतर सध्या हॅस्केल शिकत आहे. सरावासाठी पुस्तकी उदाहरणांऐवजी खरोखर उपयोगी पडेल असा एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सर्व्हरच्या नोंदींची एक फाइल आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत विनंतीचा पत्ता व उत्तर देण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिलेला असतो. कोणत्या पत्त्यावर किती विनंत्या आल्या हे मोजायचे, सर्व विनंत्यांचा सरासरी वेळ काढायचा आणि शेवटी नको असलेल्या ओळी गाळून तीच फाइल पुन्हा लिहायची, एवढेच काम आहे. उत्तरे बरोबर येतात, पण काही गोष्टी उलगडत नाहीत.

सरासरीसाठी आधी मी वेळांच्या बेरजेला लिस्टच्या लांबीने सरळ भागत होतो. त्यावर कंपायलरने ‘इंट’साठी ‘फ्रॅक्शनल’चा इन्स्टन्स नाही असे कळवले. दोन्ही बाजूंना ‘फ्रॉमइंटिग्रल’ लावल्यावर तक्रार मिटली. ती कशामुळे मिटली हे मात्र कळले नाही.

खरी अडचण मेमरीची आहे. फाइल काहीशे मेगाबाइटची असली की प्रोग्राम कित्येक गिगाबाइट मेमरी घेतो. लिस्टवरून दोनदा फिरावे लागू नये म्हणून बेरीज आणि मोजणी यांची जोडी करून एकाच फेरीत काम करावे आणि ‘फोल्डएल’ऐवजी ‘फोल्डएल'’ वापरावे, असा सल्ला सर्वत्र वाचला. तसे केले, तरी फरक पडलेला नाही. सध्याचा कोड साधारण असा आहे (नावे देवनागरीत लिहिली आहेत):

सरासरी ओळी = फ्रॉमइंटिग्रल बेरीज / फ्रॉमइंटिग्रल मोजणी
  व्हेअर
    (बेरीज, मोजणी) = फोल्डएल' पुढे (०, ०) ओळी
    पुढे (ब, म) ओळ = (ब + वेळ ओळ, म + १)

‘वेळ’ हे फंक्शन ओळीचे शब्द पाडून दुसऱ्या शब्दावर ‘रीड’ चालवते. पत्त्यांची मोजणी ‘मॅप’मध्ये (किल्ली आणि मूल्य यांच्या तक्त्यात) ‘इन्सर्टविथ’ने केली आहे.

तिसरी गोष्ट विचित्र आहे. चाचणीसाठी सरासरी छापणारी ओळ तात्पुरती काढून टाकली की फाइल पुन्हा लिहिताना “रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड” असा संदेश येऊन प्रोग्राम थांबतो. ती ओळ परत घातली की सगळे सुरळीत चालते. छापण्याचा आणि फाइल लिहिण्याचा संबंध काय?

शेवटची तुलनेने किरकोळ आहे. अहवालातील मराठी शीर्षके अक्षरांऐवजी तिरप्या रेषा आणि आकडे अशी छापली जातात.


जुनाजाणता

टाइपच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर संपणारा आहे.

पायथनमध्ये दोन पूर्णांकांना / ने भागले की भाषा आपण होऊन दशांश संख्या देते. हॅस्केल संख्यांचे रूपांतर कधीही आपण होऊन करत नाही. ‘लेंग्थ’चे उत्तर ‘इंट’ असते, तुमचे वेळही ‘इंट’ म्हणून वाचलेले आहेत, आणि / हे चिन्ह ‘फ्रॅक्शनल’ वर्गातल्या टाइपांसाठीच, म्हणजे ‘डबल’, ‘फ्लोट’, ‘रॅशनल’ यांसारख्यांसाठीच, व्याख्यित आहे. “इन्स्टन्स नाही” याचा अर्थ एवढाच, की तुम्ही ‘इंट’कडून जी क्रिया मागत आहात ती त्याच्याकडे नाही. ‘फ्रॉमइंटिग्रल’ कोणताही पूर्णांकी टाइप घेतो आणि संदर्भाला हवा असेल तो संख्येचा टाइप देतो. इथे पुढे भागाकार आहे म्हणून कंपायलर ‘डबल’ निवडतो. पूर्णांकी भागाकारच हवा असेल तर ‘डिव्ह’ वापरावे.

“इन्स्टन्स नाही” हा संदेश रोजच्या कामात अनेक वेशांत भेटतो आणि बहुतेक वेळा त्याने सुचवलेला उपाय, म्हणजे इन्स्टन्स लिहिणे, हा खरा उपाय नसतो. फंक्शनसाठी ‘शो’चा इन्स्टन्स नाही असे म्हटले असेल, तर एखाद्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट द्यायचे राहिले आहे आणि तुम्ही अर्धवट फंक्शनच छापायला निघाला आहात. अक्षरांच्या लिस्टसाठी ‘नम’चा इन्स्टन्स नाही असे म्हटले असेल, तर स्ट्रिंगमध्ये संख्या मिळवली जात आहे. फ -१ असे लिहिले की कंपायलर त्याला फ मधून १ वजा करणे समजतो आणि मग भलताच लांबलचक संदेश येतो. ऋण संख्येभोवती कंस घालणे हाच त्यावर उतारा आहे.

माझा आग्रह असा, की मॉड्यूलच्या वरच्या पातळीवरील प्रत्येक फंक्शनाला टाइप-सही, म्हणजे ते कोणता टाइप घेते आणि कोणता देते याची ओळ, लिहावी. सही नसेल तर कंपायलर चुकीच्या व्याख्येतूनही काहीतरी टाइप काढतो, ती व्याख्या निमूट स्वीकारतो आणि तक्रार तिथून दूर, ते फंक्शन जिथे वापरले आहे त्या निर्दोष ओळीवर करतो. सही असली की तक्रार जागेवर येते. एखाद्या जागी काय लिहावे हेच सुचत नसेल तर तिथे नुसती अधोरेखा ठेवावी. जीएचसीच्या, म्हणजे हॅस्केलच्या प्रचलित कंपायलरच्या, ७.८ आवृत्तीपासून कंपायलर त्या रिकाम्या जागेत कोणता टाइप बसेल आणि हाताशी असलेल्या नावांपैकी कोणती नावे उपयोगी पडू शकतील हे सांगतो. या सोयीचा वापर फार कमी लोक करतात, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे.


थंकगणक

आता मेमरीकडे वळू. ‘फोल्डएल'’ वापरूनही फरक का पडला नाही, या प्रश्नातच बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत.

हॅस्केलमध्ये एखादी पदावली लिहिली म्हणजे ती तिथल्या तिथे मोजली जात नाही. तिच्या जागी थंक तयार होतो. थंक म्हणजे उधारीची चिठ्ठी: मागणी आली की हिशेब चुकता करू, तोवर काय मोजायचे आणि कशावरून मोजायचे याची नोंद जवळ ठेवू. ‘फोल्डएल’ संचयक, म्हणजे यादीवरून फिरताना सोबत नेलेले चालू उत्तर, न मोजताच पुढे सरकत असल्यामुळे अशा नोंदींची लांबच लांब साखळी तयार होते. ‘फोल्डएल'’ प्रत्येक पावलावर संचयक मोजते, परंतु किती मोजते हे महत्त्वाचे आहे: फक्त सर्वांत बाहेरचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे मूल्याची बाहेरची रचना, दिसेपर्यंत. संचयक साधी संख्या असेल तर बाहेरचा कन्स्ट्रक्टर म्हणजे ती संख्याच, त्यामुळे काम पूर्ण होते. तुमचा संचयक जोडी आहे. जोडीचा बाहेरचा कन्स्ट्रक्टर म्हणजे तो स्वल्पविराम. तो दिसला की ‘फोल्डएल'’चे समाधान होते आणि आतल्या दोन घरांकडे ते ढुंकूनही पाहत नाही.

पहिल्या तीन ओळींतले वेळ १२, ४० आणि ७ आहेत असे धरून पाहा. सुरुवात (०, ०) ने होते. पहिल्या ओळीनंतर संचयक (१२, १) असायला हवा असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मेमरीत (० + वेळ ओळ१, ० + १) असते. तिसऱ्या ओळीनंतर डाव्या घरात ((० + वेळ ओळ१) + वेळ ओळ२) + वेळ ओळ३ अशी रांग असते आणि उजव्या घरात ((० + १) + १) + १. यातली एकही बेरीज झालेली नाही. एवढेच नव्हे, तर ‘वेळ ओळ१’ हाही थंकच आहे. त्याला आपले उत्तर काढण्यासाठी ओळ१ लागणार आहे, म्हणून तो ती संपूर्ण ओळ धरून ठेवतो आणि कचरा गोळा करणाऱ्याला ती परत घेता येत नाही. लाखो ओळी, प्रत्येकीला एकेक थंक चिकटलेला, आणि वर साखळीचा खर्च. तुमची मेमरी फाइलच्या कैक पट का होते ते यावरून लक्षात यावे.

उपाय दोन आहेत. बँगपॅटर्न्स हे एक्स्टेन्शन चालू करून ‘पुढे’च्या व्याख्येत (!ब, !म) असे लिहिले, की प्रत्येक पावलावर मागच्या जोडीची दोन्ही घरे मोजली जातात आणि साखळी एका कडीच्या पुढे वाढतच नाही. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे: जोडी सोडून द्यावी, ‘हिशेब’ असा स्वतःचा डेटा टाइप करावा आणि त्याच्या दोन्ही घरांच्या टाइपाआधी उद्गारचिन्ह लावावे. मग ‘हिशेब’ जिथे कुठे बनेल तिथे आतल्या संख्या मोजूनच बनेल आणि ‘फोल्डएल'’ने बाहेरचा कन्स्ट्रक्टर मोजला की आतलेही आपोआप मोजले जाईल. बँग विसरता येते; टाइपमध्ये लिहिलेली अट विसरता येत नाही.

‘मॅप’बाबतही हाच प्रकार आहे. ‘डेटा.मॅप’मधले ‘इन्सर्टविथ’ लेझी (मागणी येईपर्यंत न मोजणारे) आहे, त्यामुळे वारंवार येणाऱ्या पत्त्याच्या घरात संख्येऐवजी न केलेल्या बेरजांची रास साठते. ‘डेटा.मॅप.स्ट्रिक्ट’ आयात केले की मूल्य घरात ठेवण्यापूर्वी मोजले जाते. या दोन मॉड्यूलांतला टाइप एकच आहे, वेगळी आहेत ती फंक्शने, आणि म्हणून इथे एक छुपी फट राहते: ‘डेटा.मॅप.स्ट्रिक्ट’चे ‘मॅप’ फंक्शन मूल्ये मोजते, पण त्याच टाइपवर चालवलेले ‘एफमॅप’ मात्र लेझीच राहते, कारण एका टाइपला ‘फंक्टर’चा एकच इन्स्टन्स असू शकतो.

जाता जाता: ‘फोल्डएल'’ आता वेगळे आयात करावे लागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या जीएचसी ९.१० पासून ते प्रेल्यूडमध्ये, म्हणजे आपोआप आयात होणाऱ्या मॉड्यूलमध्ये, आहे. साधे ‘फोल्डएल’ उपयोगी पडेल असा प्रसंग मला तरी क्वचितच आठवतो.


रुक्ष

हे सगळे वाचून एकच प्रश्न पडतो. एवढ्या खस्ता खाण्यापेक्षा फाइलच्या डोक्यावर ‘स्ट्रिक्ट’ एक्स्टेन्शन लावून लेझीपणाचा विषय कायमचा का मिटवू नये? बहुतेक भाषा आर्ग्युमेंट लगेच मोजतात आणि त्यांचे काही अडत नाही.


थंकगणक

रुक्ष, ते एक्स्टेन्शन २०१६ च्या जीएचसी ८.० पासून आहे, परंतु त्याच्याकडून तुमची जी अपेक्षा आहे ती ते पुरी करत नाही.

एक तर त्याचा अंमल त्या मॉड्यूलपुरताच असतो. तुम्ही वापरलेल्या लायब्ररीतील फंक्शने पूर्वीइतकीच लेझी राहतात. दुसरे, तेही बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंतच मोजते. ‘पुढे’ने परत केलेल्या जोडीची घरे त्यामुळे तिथल्या तिथे भरली जात नाहीत. तुमच्या मॉड्यूलमधले पॅटर्न उघडताना बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत मोजणी होईल हे खरे, पण लायब्ररीने बनवलेल्या रचनेच्या आत काय साठले आहे याची हमी मिळत नाही. तिसरे कारण व्यवहारात सर्वांत त्रासदायक ठरते. ‘व्हेअर’खाली आपण चार नावे लिहून ठेवतो आणि वरच्या गार्डांपैकी (अटींपैकी) ज्याला जे लागेल ते तो घेतो. यादी रिकामी असेल तर पहिला गार्ड शून्य देऊन मोकळा होतो आणि खाली लिहिलेल्या भागाकाराला कोणी हात लावत नाही. ‘स्ट्रिक्ट’ लावले की तो भागाकार गार्ड तपासण्याआधीच केला जातो, आणि तो ‘डिव्ह’ असेल तर शून्याने भागल्याची त्रुटी येऊन कालपर्यंत चालणारा प्रोग्राम कोसळतो.

‘स्ट्रिक्टडेटा’ हे त्याचे सौम्य भावंड मात्र मी जवळपास प्रत्येक प्रकल्पात लावतो. त्या मॉड्यूलमध्ये व्याख्या केलेल्या डेटा टाइपांची घरे त्याने आपोआप स्ट्रिक्ट होतात आणि बाकी भाषा जशीच्या तशी राहते.


चौकस (धागाकर्ता)

‘हिशेब’ टाइप केला आणि ‘डेटा.मॅप.स्ट्रिक्ट’ आयात केले. मेमरी लक्षणीय उतरली, पण सपाट झालेली नाही. फाइल दुप्पट केली की वापरही साधारण दुप्पट होतो. म्हणजे थंक गेले, तरी कोणीतरी अजून पूर्ण फाइल धरून बसले आहे असे दिसते. ते कोण, हे अंदाजाने न ठरवता शोधायचे कसे?


मोजपट्टी

शोधण्याची पद्धत आधी सांगतो. उत्तराचा अंदाज तुमच्या तिसऱ्या प्रश्नावरूनच बांधता येतो.

जीएचसीआयमध्ये, म्हणजे जीएचसीच्या प्रॉम्प्टवर, मेमरी मोजू नये. तिथे कोड ऑप्टिमायझेशनशिवाय चालतो, तर ओ-एक किंवा ओ-दोन पर्यायाने कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये स्ट्रिक्टनेसचे विश्लेषण बरीचशी साधी गळती स्वतःच बुजवते. उलट, त्या विश्लेषणावर विसंबून राहणेही बरे नाही, कारण जोडीसारख्या रचनेत ते अनेकदा हात टेकते. कंपाइल करताना ‘आरटीएसऑप्ट्स’ पर्याय द्या, कारण त्याशिवाय रनटाइम असे पर्याय स्वीकारत नाही. मग प्रोग्राम चालवताना अधिक चिन्हासह आरटीएस लिहून उणे-एस द्या. शेवटी जो तक्ता छापला जातो त्यातली ‘मॅक्सिमम रेसिडन्सी’ ही ओळ पाहायची. एकूण वाटप झालेली मेमरी कितीही मोठी दिसली तरी तिने घाबरून जाऊ नये. हॅस्केल प्रोग्राम सतत छोटे तुकडे बनवतो आणि टाकून देतो. एका वेळी जिवंत किती राहिले हे रेसिडन्सी सांगते. एवढ्याने उलगडा झाला नाही तर उणे-एच-टी देऊन हीप प्रोफाइल (मेमरीत कशाने किती जागा घेतली याचा आलेख) काढावे. त्यात ‘थंक’ नावाचे पट्टे वर चढत असतील तर न मोजलेले काम साठत आहे असे समजावे, आणि लिस्टच्या कॉन्सचे (यादीच्या एकेका कडीचे) पट्टे चढत असतील तर कोणीतरी यादी धरून ठेवली आहे.

तुमच्याकडे दुसरा प्रकार आहे असे मला ठामपणे वाटते. ‘ओळी’ ही यादी सरासरीसाठी वापरली, मोजणीसाठी वापरली आणि शेवटी गाळून लिहिण्यासाठीही वापरली. पहिली फेरी पूर्ण झाली तरी पुढे तिची गरज असल्यामुळे तिची सुरुवात सोडून देता येत नाही आणि पूर्ण फाइल मेमरीत उभी राहते. त्यातही ती ‘स्ट्रिंग’ म्हणून. ६४ बिटांच्या यंत्रावर ‘स्ट्रिंग’मधील प्रत्येक अक्षराला लिस्टच्या एका कॉन्सचे तीन मशीन-वर्ड, म्हणजे २४ बाइट लागतात. इंग्रजी अक्षरांच्या मूल्यांचे साठे जीएचसी सामाईक ठेवते म्हणून तेवढ्यावर भागते. देवनागरी अक्षराचे मूल्य मोजले गेले की आणखी १६ बाइट वाढतात. फाइलमधला एक बाइट मेमरीत चोवीसपट होतो, तो असा.

म्हणून ‘स्ट्रिंग’ सोडून ‘टेक्स्ट’ घ्यावे, सरासरी आणि मोजणी एकाच संचयकात करावी आणि फाइल एकेक ओळ वाचत पुढे जावे. ‘टेक्स्ट’ घेताना एक पथ्य आहे. ‘टेक्स्ट’चा तुकडा पाडला की नवी प्रत तयार होत नाही, मूळ साठ्यातली सुरुवात आणि लांबी एवढेच नोंदले जाते. पूर्ण फाइल एकदम वाचून तिच्यातून पाडलेला पत्ता ‘मॅप’मध्ये किल्ली म्हणून ठेवला, तर ती दहा-वीस अक्षरांची किल्ली सबंध फाइल मेमरीत अडकवून ठेवते. किल्ली आत टाकण्यापूर्वी तिच्यावर ‘कॉपी’ चालवावे. ‘बाइटस्ट्रिंग’लाही हेच लागू पडते.


जुनाजाणता

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले आहे. प्रेल्यूडमधले ‘रीडफाइल’ फाइल उघडते, पण वाचत नाही. जसजशी अक्षरांची मागणी होते तसतशी ती वाचते आणि शेवटचे अक्षर हाती आल्यावरच फाइल बंद करते. हॅस्केलच्या अधिकृत अहवालातील नियमाप्रमाणे एका प्रोग्राममध्ये एका फाइलला एकाच वेळी वाचणारे अनेक असू शकतात, परंतु लिहिणारा असेल तर तो एकटाच असावा लागतो. तुम्ही सरासरी छापता तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत मागणी जाते, फाइल वाचून संपते, बंद होते आणि लिहिण्याचा मार्ग मोकळा होतो. छापणारी ओळ काढली की वाचन सुरूच झालेले नसते, फाइल उघडी असते आणि लिहिणाऱ्याला कुलूप आडवे येते.

याचा जुळा भाऊ ‘विथफाइल’च्या आत ‘एचगेटकंटेंट्स’ वापरणाऱ्यांना भेटतो. तिथे कंसाबाहेर मजकूर परत केला जातो, तोवर ‘विथफाइल’ने फाइल बंद केलेली असते आणि नंतर कोणी मजकूर मागितला की बंद हँडलवरून उशिरा वाचन केल्याचा संदेश येतो. जीएचसीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर संदेशही न येता रिकामी स्ट्रिंग मिळत असे, जे अधिक घातक होते.

‘टेक्स्ट’चे स्ट्रिक्ट ‘रीडफाइल’ पूर्ण वाचून मगच परतते, म्हणून त्यात हे दोन्ही घोळ होत नाहीत. ‘स्ट्रिंग’च हवी असेल तर जीएचसी ९.० पासून ‘सिस्टिम.आयओ’मध्ये ‘रीडफाइल'’ आहे. तुमच्यापुरते मी असे सुचवेन, की मूळ फाइल ओळीगणिक वाचत वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावे आणि शेवटी ‘रीनेमफाइल’ने नाव बदलावे. वीज मध्येच गेली तरी मूळ फाइल अर्धवट राहत नाही, आणि हा फायदा हॅस्केलशी संबंधित नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.


पाणिनीचा_विद्यार्थी

शीर्षकांचे उत्तर देतो. तुम्ही ‘प्रिंट’ वापरत आहात. ‘प्रिंट’ आधी ‘शो’ चालवते, आणि ‘शो’चे काम मूल्य वाचकाला दाखवणे हे नसून ते हॅस्केलच्या कोडमध्ये पुन्हा चिकटवता येईल अशा रूपात लिहिणे हे आहे. त्यामुळे आस्कीबाहेरचे प्रत्येक अक्षर युनिकोड क्रमांकाने लिहिले जाते. ‘मराठी’ हा शब्द \२३५०\२३५२\२३६६\२३३६\२३६८ असा दिसतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ‘पुटस्ट्रएलएन’ वापरले की तो जसाच्या तसा उमटेल. जोड्या किंवा ‘मॅप’ थेट ‘प्रिंट’ केला तर आतल्या स्ट्रिंगांवरही ‘शो’च चालते, म्हणून अहवालाची ओळ स्वतः जोडून छापावी लागते.

त्यानंतर कदाचित दुसरी अडचण येईल. प्रोग्राम वेळापत्रकाने किंवा कंटेनरमध्ये चालवला आणि तिथला लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची मांडणी) नुसता ‘सी’ असला, तर अक्षर एन्कोड करता येत नाही म्हणून प्रोग्राम थांबतो. ‘मेन’च्या पहिल्याच ओळीत ‘सेटलोकेलएन्कोडिंग’ला यूटीएफ-८ दिले की वाचन व लेखन दोन्ही मार्गी लागतात.

वरच्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी ‘लेंग्थ’ ५ सांगते, डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. रकाने सरळ रेषेत आणण्यासाठी ‘लेंग्थ’वरून मोकळ्या जागा भरल्या तर मराठी अहवाल वेडावाकडा येणारच. ‘रिव्हर्स’ केले तर शब्दाची सुरुवात लोंबकळणाऱ्या वेलांटीने होते. अक्षरे खरोखर मोजायची असतील तर ‘टेक्स्ट-आयसीयू’ या लायब्ररीतील अक्षरसीमा शोधणारी सोय वापरावी. प्रेल्यूडमध्ये त्याचे उत्तर नाही.


चौकस (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ओळीगणिक वाचन, ‘टेक्स्ट’ आणि एकच संचयक असे बदल केल्यावर फाइल कितीही मोठी केली तरी रेसिडन्सी जवळपास तेवढीच राहते. शीर्षकेही नीट दिसू लागली आहेत.

बदल करताना दोन नवे प्रश्न समोर आले. रिकाम्या ओळीमुळे ‘हेड’ कोसळते, पण ते वाचताना न कोसळता शेवटी अहवाल छापताना कोसळते. ती ओळ सापडावी म्हणून ‘ट्रेस’ (मूल्यासोबत संदेश छापणारे फंक्शन) घातले, तर त्याचे संदेश भलत्याच क्रमाने येतात. शिवाय एका मूल्यावर लावलेला ‘ट्रेस’ ते मूल्य दोनदा वापरूनही एकदाच छापतो, आणि तीच व्याख्या जीएचसीआयच्या प्रॉम्प्टवर लिहिली तर दोनदा छापतो.


थंकगणक

कोसळण्याची जागा आणि चुकीची जागा वेगळी दिसते, कारण ‘हेड’चा थंक वाचताना तयार झाला आणि त्याचे मूल्य अहवालाने मागितले. अशा ठिकाणी ‘हेड’ नकोच. ९.८ आवृत्तीपासून जीएचसी ‘हेड’ आणि ‘टेल’च्या वापराबद्दल स्वतःहून सावध करते. ओळीचे शब्द पाडल्यावर ‘केस’ने बरोबर दोन शब्दांचा पॅटर्न जुळवावा, वेळेसाठी ‘रीड’ऐवजी ‘रीडमेबी’ (वाचता न आल्यास न कोसळता ‘नथिंग’ देणारे) वापरावे आणि बाकी सर्व ओळींना ‘नथिंग’ द्यावे. ‘मॅपमेबी’ने त्या ओळी आपोआप गळतात, त्या मोजून वेगळ्या दाखवल्या तर आणखी चांगले. सोबत ‘वॉल’ पर्याय कायम चालू ठेवावा, म्हणजे सुटलेले पॅटर्न कंपाइल करतानाच कळतात.

‘ट्रेस’ मूल्याला चिकटलेला असतो, ओळीला नाही. मूल्य ज्या क्षणी मागितले जाते त्या क्षणी संदेश उमटतो, आणि मागितलेच गेले नाही तर उमटतच नाही. त्यामुळे संदेशांचा क्रम हा मागणीचा क्रम असतो, आणि गळती शोधताना नेमकी हीच माहिती हवी असते. त्यात संदेश स्टँडर्ड एररवर जातात आणि तुमचा अहवाल स्टँडर्ड आउटपुटवर. दोन्ही एकाच फाइलकडे वळवले तर बफरिंगमुळे क्रम आणखी विस्कटतो.

एकदा की दोनदा, याचे उत्तर टाइपमध्ये आहे. एकदा मोजलेले मूल्य थंकच्या जागी लिहून ठेवले जाते, म्हणून दुसऱ्या वापराला मोजणी नाही आणि संदेशही नाही. मात्र व्याख्येचा टाइप ‘कोणतीही संख्या’ असा सर्वसाधारण राहिला, तर ती व्याख्या आतून फंक्शन बनते: कोणत्या प्रकारची संख्या हवी याची माहिती घेऊन प्रत्येक वापरात नव्याने मोजणारे. मॉड्यूलच्या फाइलमध्ये मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन हा नियम सही नसलेल्या अशा व्याख्येला एकच ठोस टाइप देतो. जीएचसीआयच्या प्रॉम्प्टवर ७.८ आवृत्तीपासून तो नियम बंद असतो, म्हणून तिथे तुम्हाला संदेश दोनदा दिसला. व्याख्येला ‘इंट’ अशी सही द्या, म्हणजे दोन्हीकडे तो एकदाच येईल.